पहिलं सेमिस्टर, लेक्चर डोक्यावरून जातंय, कोर्स बदलू का?

प्रश्नकर्ता:
युनिव्हर्सिटीत येऊन नऊ आठवडे झाले, विषय गणित. शाळेत कायम पहिल्या तिनात असायचो आणि परवा पहिल्या चाचणीत ३० पैकी ११ मिळाले. पेपर हातात घेऊन अर्धा तास जिन्यावरच बसून होतो. लेक्चर सुरू झालं की पहिली वीस मिनिटं सगळं कळतं, वहीत नीट उतरवतो, मग मधेच एक पायरी सुटते आणि तिथून पुढे नुसतं फळ्यावरचं कॉपी करत बसतो, रूमवर येऊन वही उघडली की माझंच अक्षर असूनही एक ओळ लागत नाही. शाळेत लिमिट काढायचो, उत्तर आलं की झालं. इथे एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध करा म्हणतात, सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. वर्गात दीडशे जण आहेत, बाकी सगळ्यांना येतंय असं वाटतं त्यामुळे हात वर करायची हिंमत होत नाही. घरी फोनवर "मस्त चाललंय" एवढंच सांगतो. चुकीचा कोर्स घेतला का मी? प्लीज कुणीतरी खरं सांगा.

तिसऱ्या वर्षातली:
अरे थांब, कोर्स बदलायचा निर्णय एका चाचणीवर घेऊ नकोस. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं आणि मला वाटायचं की फक्त माझंच होतंय.

आधी एप्सिलॉन-डेल्टा. ३एक्स + १ घे, एक्स २ च्या जवळ गेला की त्याचं उत्तर ७ च्या जवळ जातं, तेच त्याचं लिमिट. आता हे सिद्ध करणं म्हणजे दोघांमधलं बोलणं आहे असं बघ. समोरचा म्हणतो उत्तर ७ च्या एवढं जवळ हवं, तो त्याचा एप्सिलॉन. तू म्हणतोस ठीक, मग एक्स २ च्या एवढं जवळ ठेव, तो तुझा डेल्टा. ३एक्स + १ चं ७ पासूनचं अंतर एक्सच्या २ पासूनच्या अंतराच्या बरोबर तिप्पट असतं, म्हणून डेल्टा एप्सिलॉनच्या एक तृतीयांश घेतला की काम झालं. समोरच्याने कितीही छोटा एप्सिलॉन दिला तरी तुझ्याकडे उत्तर तयार आहे, हेच सिद्ध करायचं असतं. सुरुवात शेवटाकडून करायची, कच्च्या कागदावर उलटं जायचं आणि पक्कं लिहिताना सरळ लिहायचं. हे कच्चं काम फळ्यावर बऱ्याचदा दिसतच नाही म्हणून डेल्टा आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

दुसरं म्हणजे वही परत परत वाचू नकोस. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर तपासलं तेव्हा उतारा बंद करून आठवून लिहिलेली मुलं पुढे होती. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी वही बंद कर, कोऱ्या पानावर आठवेल ते लिही. जिथे अडशील तीच तुझी सुटलेली पायरी.

ट्युटोरियलवाला:
मी पहिल्या वर्षाची ट्युटोरियल्स घेतो त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो. वर्गात सगळ्यांना येतंय हे खरं नाही रे. गठ्ठा तपासताना तीच चूक पानापानावर दिसते आणि विचारायला मात्र दोन-तीनच जण येतात, मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमची भेटायची वेळ ठरलेली असते ना, त्या वेळेत आम्ही खरंच मोकळे बसलेलो असतो. "काहीच कळत नाहीये" असं म्हणत आलास तर आम्हालाही कुठून धरायचं कळत नाही, म्हणून एकच ओळ घेऊन ये, इथपर्यंत आलो आणि इथे अडलो. चुकलेलं कच्चं काम सोबत आण, खोडून आणू नकोस, चूक बघितल्यावरच कळतं नेमकं कुठे बिनसलंय. आणि तो ११ वाला पेपरही आण.

रात्रीचा वाचक:
अभ्यासाचं वरच्यांनी सांगितलंच, मी फोनबद्दल बोलतो. मी पूर्ण एक सेमिस्टर घरी "मस्त" म्हणत होतो आणि फोन ठेवला की जास्तच एकटं वाटायचं. एकदा बहिणीला खरं काय ते सांगितलं, तिला गणितातलं काही कळत नाही पण तिने ऐकून घेतलं, त्या रात्री नीट झोप लागली. सगळ्यांना नको सांगूस, एकाला तरी सांग. आणि वर्गात रोज एकाच बाकावर बस, शेजारी बहुतेक तोच मुलगा येतो, चौथ्या-पाचव्या दिवशी "ही पायरी कळली का तुला" एवढं विचारता येतं. माझी मैत्री अशीच झाली. झोप लागत नसेल, जेवावंसं वाटत नसेल आणि असं बरेच दिवस चाललं असेल तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. ३एक्स + १ चं वही बंद करून करून बघितलं, दुसऱ्या प्रयत्नात आलं. मग एक्सच्या वर्गाचं करायला घेतलं तिथे अडलो. काल शेजारच्याला विचारलं तर त्याला ९ मिळालेत, तोही कुणाला बोलला नव्हता. उद्या दुपारी दोघं मिळून सरांकडे जातोय. कागदावर एकच प्रश्न लिहिलाय, एक्सच्या वर्गासाठी डेल्टा शोधताना तो आधी १ पेक्षा मोठा नको असं का धरतात?