कचरा वर्गीकरणाची सूचना लावल्यावर परिस्थिती बिघडली, असे का व्हावे?

नेरूळवासी: नमस्कार. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा, असे वारंवार सांगूनही फरक पडेना, म्हणून आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीने लिफ्टशेजारच्या फलकावर ठळक अक्षरांत सूचना लावली : ‘बहुतांश सभासद कचरा वेगळा करत नाहीत, ही खेदाची बाब आहे.’ त्यानंतर नेमाने दोन डबे ठेवणाऱ्या घरांपैकीही काहींनी सगळे एकाच पिशवीत भरून दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून वर्गीकरण बंधनकारक आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. मग असे का?

वाशीकर: आपल्या सूचनेने ‘काय करावे’ हे सांगता सांगता ‘बाकीचे काय करतात’ हेही सांगून टाकले, आणि माणूस बहुधा यांतल्या दुसऱ्या गोष्टीकडेच पाहून वागतो. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे घरोघरी शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवण्यात आला, त्याचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. मात्र आधीपासून काटकसर करणाऱ्यांचा वापर वाढला. त्यांच्या पत्रकावर शाबासकीचा हसरा चेहरा छापला, तेव्हा ही वाढ दिसली नाही. ते वाक्य आजच काढा आणि वर्गीकरण करणाऱ्या घरांचे आभार माना. आकडा द्यायचा असेल तर खराच द्या.

ठाणेकर: केवळ शब्द बदलून भागेल, असे मला वाटत नाही. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा द्यावी, असे कुठेही लिहिलेले नाही. तरी कोणी ‘जरा सरकून घ्या’ म्हटले की तिघेही सरकतात, कारण न सरकणारा सगळ्या डब्याला दिसतो. तुमच्याकडे पिशवीत काय आहे, हे सफाई कामगाराखेरीज कोणालाच दिसत नाही, आणि त्याने सभासदाला टोकावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. हिरवा आणि निळा असे दोन डबे दाराबाहेर ठेवण्याची पद्धत पाडा.

वाशीकर: मान्य. सुरुवात मात्र प्रत्येक मजल्यावरच्या एका तयार घरापासून करावी. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1950 च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी ओळखताना आधीच पढवलेला बाकीचा सगळा गट मुद्दाम चुकीचे उत्तर देई, आणि ज्यांची परीक्षा होती त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्याचीच री ओढली. पण खरे उत्तर देणारा एक जरी सोबती असला, तरी असे मान तुकवणे फार कमी झाले.

नेरूळवासी: आभारी आहे. सूचना आजच उतरवतो. आमच्या मजल्यावर पहिले दोन डबे आमच्याच दाराबाहेर असतील. बाकी मजल्यांवर कोण तयार आहे, ते रविवारच्या सभेत विचारतो.