पुस्तिकेचा मजकूर आणि गोधडीचं काय झालं

धाकटे काका: सगळ्यांना नमस्कार. आईच्या वर्षश्राद्धाला चार पानी पुस्तिका छापतोय. मजकूर वर टाकलाय. रविवारपर्यंत दुरुस्त्या कळवा, नंतर छापखानेवाला ऐकत नाही.

नाशिकची आत्या: वाचला. "प्रेमळ, कष्टाळू आणि सुगरण." हे कुणाच्याही आईबद्दल छापता येईल की रे. आणि चौकड्याच्या लुगड्याची गोधडी कुणी नेली? वर्ष झालं विचारतेय.

ठाण्याची काकू: सर्वांना संकष्टीच्या शुभेच्छा 🙏

पप्प्या: काका, जन्म १९२९ कुठून आणला? आजी म्हणायची, भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं त्या साली झाले. म्हणजे १९२६.

धाकटे काका: आधार कार्डावर आहे.

भाऊ: आधारवर १ जानेवारी पण आहे. शाळेत न गेलेल्या सगळ्यांचीच १ जानेवारी. धरणाचं धर. गांधीजी गेले तेव्हा मी पोटात होतो, हे तिनंच सांगितलेलं.

पप्प्या: भाऊकाका, तुमचं पण वय फुटलं 😄

भाऊ: गप रे.

नाशिकची आत्या: सुगरण काय, तिला चुलीपुढं बसवत नव्हतं. हिरडा झोडायला निघाली की दिवेलागणीलाच घरी. राजूरच्या व्यापाऱ्यानं मापात मारलं तर तिथंच त्याची शोभा करायची. कळसूबाईला नवरात्रात बारीहून अनवाणी चढायची, धाकट्या कमरेला बांधलेला. शिड्यांचं कौतुक आम्हाला, ती साखळी धरून सरळ वर. हे कुठंय पुस्तिकेत?

पप्प्या: १६४६ मीटर, कमरेवर काकांना घेऊन. काका, तुम्ही आता सोसायटीचा जिना तरी चढता का?

धाकटे काका: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. विषयावर बोला.

नाशिकची आत्या: विषयावरच विचारते. गोधडी कुणाकडे आहे?

भाऊ: बहात्तरचा दुष्काळ पण घाल. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडत होती. सुकडी मिळायची ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. घरात मिलोच्या लाल भाकरी, तू तोंड फिरवायचास. सुकडीवरच वाढलास.

धाकटे काका: भाऊ, तुमचा मान राखून सांगतो, खडीचं नको. मुलीच्या सासरची मंडळी येणार आहेत.

नाशिकची आत्या: खडीची लाज वाटते होय तुला?

धाकटे काका: लाज कोण म्हणालं? सगळंच छापायचं नसतं एवढंच.

ठाण्याची काकू: छापायचंच असेल तर शेवटची सहा वर्षं त्या कुणाकडे होत्या, तेही छापा. मी काही बोलत नाही.

नाशिकची आत्या: वहिनी, तुमचं कुणी नाकारलंय का? आम्हीही येऊन जाऊन होतोच.

ठाण्याची काकू: हो ना. उन्हाळ्यात. आंब्यांच्या वेळी.

भाऊ: बायांनो, पुरे. त्या गोधडीचं मी सांगतो. अंगणात लुगडं पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची. आत बाबांची फाटकी धोतरं, आमचे सदरे. धावदोरा कडेनं घालत घालत आत न्यायची, चष्म्याशिवाय. टाके एकसारखे. वीस माणसं झोपायची घरात, पण ती एक गोधडी पाहुण्याला पण दिली नाही. ती कुणाला दिलीन?

नाशिकची आत्या: मला देणार होती. तोंडी बोललेली.

पप्प्या: हा मेसेज डिलीट केला आहे.

नाशिकची आत्या: काय डिलीट केलंस? वाचलं मी. काजवे बघायला कुठं नेली होतीस?

पप्प्या: आत्या, रतनवाडीला गारठा होता गं. टेंटमध्ये अंथरली फक्त. एक ठिणगी उडाली. रुपयाएवढं भोक. आजी असती तर ठिगळ लावून दिलं असतं.

नाशिकची आत्या: आजी असती तर आधी तुला चोपलं असतं.

भाऊ: 😂

धाकटे काका: बरं. खडी घेतो. हिरडा, कळसूबाई घेतो. १९२६ घेतो. पण आठ पानं होतात, वर्गणी दुप्पट.

(अर्धा तास कुणाचंच काही नाही.)

ठाण्याची काकू: गोड काय ठेवायचं? केटररवाला जिलबी म्हणतोय.

भाऊ: काळभाताची खीर. तांदूळ मी पाठवतो. वर्गणीत धरून घ्या.

नाशिकची आत्या: पप्प्या, फोन उचल.