रेक्स: पडद्यावरचा राजा की वेठबिगार?

रिळवाला: १९२४चा 'द किंग ऑफ द वाइल्ड हॉर्सेस' पाहिला. हॅल रोचची निर्मिती, फ्रेड जॅकमनचं दिग्दर्शन. मूकपट, वेस्टर्न, पण खरा नायक रेक्स नावाचा काळा घोडा. कळपाचा म्होरक्या, कुणाच्या फासात न येणारा. कान मागे पाडून तो अंगावर धावून येतो तेव्हा मजकुराची पाटी लागतच नाही. एरवी वेस्टर्नमधला घोडा म्हणजे नायकाचं वाहन. याला स्वतःची मर्जी आहे. तेव्हाच्या निम्म्या नटांपेक्षा हा सरस, असं माझं स्पष्ट मत. (विनोदवीर चार्ली चेजही यात आहे, पण रेक्ससमोर त्याला कोण बघतंय!)

खोगीरभरती: मर्जी कसली डोंबलाची! रेक्स मॉर्गन जातीचा, म्हणजे माणसानंच पैदास केलेल्या घोड्यांतला. मूकपटात आवाज टिपला जात नसे, त्यामुळे चाबूकस्वाराला कॅमेऱ्यामागून खुशाल ओरडता यायचं. कान पाडलेला घोडा चिडलेला तरी असतो नाहीतर भेदरलेला. त्याला अभिनय म्हणायचं?

रिळवाला: दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडायचा आणि नटी रडायची, तो अभिनय चालतो ना? आणि रेक्स काही गरीब गाय नव्हता, सेटवर लोक त्याला वचकून असत.

आडवाटेचा: मला वेगळंच खुपतं. लोक थिएटरात या घोड्यासाठी टाळ्या पिटत होते, त्याच दशकात अमेरिकेच्या पश्चिमेतले खरे मस्टँग, म्हणजे मोकाट रानटी घोडे, पकडून कत्तलखान्यात धाडले जात होते. त्यांचं मांस डबाबंद होऊन कुत्र्यांच्या ताटलीत. संघराज्याच्या कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळायला १९७१ उजाडलं.

रिळवाला: त्याचं खापर सिनेमावर का? त्या कायद्यासाठी नेवाडाच्या व्हेल्मा जॉन्स्टन झगडल्या आणि शाळकरी पोरांनी पत्रांचा पाऊस पाडला. मोकळा घोडा त्या पोरांच्या मनात भरला, त्यात अशा चित्रपटांचाही वाटा असणारच.

खोगीरभरती: १९७१ची पोरं आणि १९२४चा मूकपट? ओढूनताणून जोडताय. १९३९च्या 'जेसी जेम्स' या चित्रपटाच्या चित्रीकरणात घोडा कड्यावरून पाण्यात पाडला, तो मेला. त्यावर बोंब झाली, तेव्हा कुठे अमेरिकन ह्युमेन या प्राणीरक्षक संस्थेनं हॉलिवूडमध्ये कचेरी थाटली. रेक्सच्या वेळी तेवढाही पहारा नव्हता.

आडवाटेचा: हे मात्र खरं. तरी रिळवाले, प्रिंट कुठे मिळाली ते सांगा.