चर्चा: पेपरातला समीक्षक गेला, म्हणून आपल्या मैफली-नाटकं ढिली पडली का?

टिळकवाडीकर
परवाच्या मैफलीची बातमी वाचली. दीपप्रज्वलन कुणी केलं, पुष्पगुच्छ कुणी दिला, आभार कुणी मानले, सगळं आलं. गाण्याबद्दल एकच वाक्य: ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले.’ कुठला राग गायला तेही नाही! कुमार गंधर्वांचा जन्म आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीचा (1924), आणि आपल्या पेपरांत गाण्याची ही गत. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानं गवयांवर लिहायचे. नुसते खुर्चीतले टीकाकार नव्हेत, ‘संत तुकाराम’ (1936) नि ‘कुंकू’ (1937) या चित्रपटांचं संगीत त्यांचंच. समीक्षक कलाकार घडवत नाही हे मान्य, पण श्रोता नक्की घडवतो.

खानापूरचा गडी
तुमचं शहरातलं ठीक आहे. आमच्याकडं सुगी आटपली की तालमी सुरू. वर्गणी काढायची, पडदे भाड्यानं आणायचे, नटी बाहेरून बोलवायची, तिचं मानधन जत्रेआधी जमवायचं. त्यात कुणी येऊन ‘उच्चार अशुद्ध’ म्हणून छापलं, तर पुढच्या वर्षी पोरं तोंडाला रंग लावतील होय? इथं मराठी नाटक उभं राहतंय हेच पुष्कळ आहे की ओ.

सतारवाली
दोघंही समीक्षकाला फार मोठा करताय. ओळखीचे एक होते. दिवसा शाळेत शिकवायचे, रात्री मैफल. मजकूर वेळेत द्यायचा म्हणून मध्यंतरातच उठायचे आणि सकाळी ‘भैरवीनं कळस चढवला’ छापून यायचं. त्या रात्री भैरवी झालीच नव्हती! शिवाय तबलजी शेजारी, आयोजक जाहिरातदार. खरं लिहिणार कोण?

टिळकवाडीकर
भैरवीचा किस्सा भारी. पण म्हणून समीक्षाच नको? नाट्यसमीक्षक माधव मनोहर कुठलं नाटक कुठून उचललंय ते सरळ लिहायचे. त्यानं मराठी नाटक बंद पडलं का? आणि गडीसाहेब, जत्रेच्या नाटकाला कोण झोडपतंय? मी तिकीट लावणाऱ्यांबद्दल बोलतोय.

खानापूरचा गडी
मग पुण्या-मुंबईच्या दौऱ्यांना धरा की! अर्धा सेट तिकडंच ठेवून येतात, तिकीट मात्र पूर्ण. पेपरात त्यांनीच पाठवलेला मजकूर जसाच्या तसा. तिथं लिहिणारा असेल तर माझी हरकत नाही.

कडोलीची वहिनी
एक राहिलंच. गावात कन्नड नाटक झालं तर आपल्या पेपरात ओळ नाही, मराठी झालं तर त्यांच्यात नाही. तीच माणसं धारवाडला गाणं ऐकायला मात्र एका गाडीतून जातात. समीक्षक ठेवायचाच तर दोन्हीकडं बसणारा ठेवा.

सतारवाली
वहिनी, असा माणूस मिळेल. त्याला मानधन कोण देणार ते सांगा. फुकट पास देऊन भागवणार असाल तर पुन्हा मध्यंतरात उठणाराच येईल.