आयापिटसच्या कमरेचा बांध: आतून वर आला की आभाळातून पडला?

वांगणीकर:
काल परत तो शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाचा 31 डिसेंबर 2004 चा फोटो बघत बसलेलो. शनीचा चंद्र आयापिटस, जेमतेम 1470 किमीचा बर्फाचा गोळा आणि बरोब्बर विषुववृत्तावर अक्रोडासारखी शिवण, म्हणजे डोंगरांचा बांध. 1300 किमी लांब, बऱ्याच ठिकाणी 13 आणि कुठेकुठे 20 किमी उंच, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई अशा 12 रचा. माझं मत, हे आतून आलेलंच नाही. आयापिटसला एकेकाळी शनीसारखं स्वतःचं कडं होतं, ते खाली खाली येत विषुववृत्तावर बरसलं आणि ढीग साचला. आतून उगवणारे डोंगर असे पट्टी लावून उगवतात का? आपला सह्याद्री बघा किती वेडावाकडा.

खडूफळा:
सह्याद्री उगवलेला नाही हो, लाव्ह्याच्या थरांची झीज होऊन उरलाय, उदाहरणच गंडलं. आणि कडं पडलं तर गोल फिरून सगळीकडे पडेल ना? हा बांध सलग आहे तो काळ्या बाजूला, उजळ बाजूला नुसती सुटी शिखरं. काही ठिकाणी तर तीन रांगा शेजारीशेजारी. वरून ओतलेल्या ढिगाला तीन रांगा कशा काय? शिवाय आयापिटस मधे फुगलाय, विषुववृत्ताशी त्रिज्या ध्रुवापेक्षा 34 किमीने जास्त. हा आकार 16 तासांत एक फेरी मारणाऱ्या गोळ्याचा, आता एका फेरीला 79 दिवस लागतात. वेग मंदावताना कवचावर ताण आला आणि कमरेपाशी बर्फ वर ढकलला गेला, सरळ हिशोब.

मधलाचहा:
थांबा, अर्धा काळा अर्धा पांढरा हा प्रकार या बांधामुळेच का?

वांगणीकर:
नाही, ते वेगळं प्रकरण. 2009 मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला फीबी नावाच्या बाहेरच्या चंद्राच्या धुळीचं एक अवाढव्य कडं सापडलं, ती धूळ आयापिटसच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे तो ज्या दिशेने जातो त्या बाजूवर, बसते. काळं झालं की ऊन जास्त शोषतं, बर्फ वाफ होऊन दुसऱ्या बाजूला जाऊन गोठतो, मग काळं अजून काळं. आमच्या 8 इंची दुर्बिणीतनं वांगणीच्या माळावर शनीच्या पश्चिमेला असताना दिसला होता हा, तेव्हा उजळ बाजू आपल्याकडे असते, दवाने आयपीस सारखा पुसत होतो, डास वेगळेच. 40 दिवसांनी पूर्वेला, काळी बाजू आपल्याकडे असताना, शोधला तर रात्र गेली, हाती काही नाही. 1671 मध्ये हा चंद्र शोधणाऱ्या खुद्द कॅसिनी साहेबांचंही हेच झालं, पूर्वेला बघायला त्यांना 1705 उजाडलं, त्यामुळे मला काही वाईट वाटलं नाही.

आता बांधाकडे. फुगवट्याने पोट सुटलेलं समजतं, पोटावर पट्टा कोणी बांधला ते नाही समजत. शनीच्याच पॅन नावाच्या चिमुकल्या चंद्राकडे बघा, कमरेला कड मुडपलेली करंजी दिसते, ती कड शनीच्या कड्यातल्या कणांनीच झालीये.

खडूफळा:
पॅन 30 किमीचाही नाही आणि कड्यांच्या आतच फिरतो, त्याला पीठ आयतं मिळतं. आयापिटस शनीपासून 35 लाख किमीवर, तिथे कोण बसलंय पीठ घेऊन?

वांगणीकर:
लांब आहे हाच तर माझा मुद्दा सर! शनीची ओढ कमी म्हणून आयापिटसला स्वतःचा छोटा चंद्र किंवा कडं सांभाळता येतं, जवळच्या चंद्रांचं शनी हिसकावून नेईल. मोठ्या धडकेत उडालेला मालमसाला म्हणा हवं तर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एवढं वजन कवचावर आहे तरी बाजूची जमीन दबलेली दिसत नाही. म्हणजे बांध पडला तेव्हा कवच जाड आणि थंडगार होतं. आतून बर्फ ढकलला जायला आत ऊब लागते की नाही?

मधलाचहा:
हा पॉईंट भारी आहे राव

खडूफळा:
दबलं नाही हे मान्य. पण फुगवटा गोठला तेव्हाच कवच जाड होत आलं असेल तर ताण शेवटी कुठेतरी फुटणारच. आणि तीन रांगांवर तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत.

वांगणीकर:
दरडी. आयापिटसवर लांबच लांब घसरलेल्या दरडी आहेत, उतार खचून मूळ ढीग चिरला असेल.

खडूफळा:
दरड पायथ्याशी पसरते हो, शेजारी दुसरा बांध घालत नाही. माळशेजला पावसाळ्यात जाऊन बघा.