कोबीवरील अळी आटोक्यात येत नाही आणि पानांच्या कडाही पिवळ्या पडत आहेत

प्रश्न (सिन्नर, जि. नाशिक)
नमस्कार. कोबीची लागवड होऊन महिना झाला आहे. पानांखाली बारीक हिरवट अळ्या असून धक्का लागताच त्या धाग्याने खाली लोंबकळतात. इमामेक्टीन बेंझोएट या कीटकनाशकाच्या लागोपाठ फवारण्या घेऊनही फरक पडलेला नाही. शिवाय काही झाडांच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून शिरा काळ्या होत आहेत. दोन्हींसाठी एकच मिश्र फवारणी चालेल का?

उत्तर १
चालणार नाही, कारण एक कीड आहे आणि दुसरा रोग. अळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची दिसते. उष्ण हवेत तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होत असल्याने एकच औषध पुनःपुन्हा फवारले की त्याला न दबणाऱ्या अळ्यांचीच संतती शेतात वाढते. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाला ही कीड दाद देत नसल्याची नोंद जावा बेटावर १९५३ मध्येच झाली होती. केवळ कंपनी बदलून उपयोग नाही, डब्यावरील घटक वाचून औषधाचा गट बदलावा, म्हणजे किडीवर वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध घ्यावे. इमामेक्टीन थांबवून स्पिनोसॅड घ्यावे आणि पुढच्या पिढीवर गरज भासल्यास क्लोरअँट्रानिलीप्रोल. मात्रा आणि फवारणी ते काढणी यांतील अंतर लेबलप्रमाणेच ठेवावे. कोबीचे पान मेणचट असते, म्हणून स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रावण) मिसळून पानाची खालची बाजू भिजवावी. अळी गड्ड्यात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा हे काम आताच व्हायला हवे.

उत्तर २
कडेपासून मध्यशिरेकडे निमुळता होत जाणारा पिवळा डाग आणि काळ्या शिरा ही घाण्या रोगाची खूण आहे. हा जिवाणूजन्य रोग असल्याने कीटकनाशकाने हटत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराईड या ताम्रयुक्त औषधाने फार तर प्रसार मंदावतो. रोगट झाडे उपटून शेताबाहेर नष्ट करावीत आणि पाने ओली असताना पिकात फिरू नये. तुषार सिंचनाने अळ्या धुऊन जातात हे खरे, पण त्याच पाण्याच्या शिंतोड्यांनी हा रोग पसरतो, त्यामुळे आपल्या शेतात ठिबकच योग्य. पुढील हंगामात बी ५० अंश सेल्सिअस पाण्यात २५ मिनिटे बुडवून वापरावे. मात्र औषध लावलेल्या विकतच्या बियाण्यावर हा प्रयोग करू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुढील वर्षी याच शेतात कोबीबरोबर सापळा पीक (किडीला स्वतःकडे ओढून घेणारे पीक) म्हणून मोहरी लावावी का?

उत्तर १
कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबीच्या लागवडीच्या १५ दिवस आधी व दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी, ही शिफारस चांगली आहे. परंतु घाण्या मोहरीवरही येतो. या शेतात दोन वर्षे कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांपैकी काहीच घेऊ नये. सापळा पीक नव्या जागेत लावावे.