छिन्ताङचं क्रियापद

कुणीकुणी म्हणतं की नेपाळातल्या राई लोकांच्या भाषा म्हणजे नेपाळीच्याच डोंगरी बोली, आणि बोलणारे थोडे म्हणून व्याकरणही सोपं. दोन्ही पटत नाही. नेपाळी आपल्या मराठीच्या कुळातली. राई लोकांच्या भाषा, म्हणजे किराती भाषा, वेगळ्याच तिबेटी-बर्मी कुळातल्या. पूर्व नेपाळातल्या धनकुटा जिल्ह्यातली छिन्ताङच घ्या, बोलणारे जेमतेम ५-६ हजार. तिथं क्रियापद कर्ता आणि कर्म दोघांशीही जुळतं. आपल्या 'तू आंबे खाल्लेस'मध्ये याची चव मिळते: 'खाल्ले' आंब्यांशी जुळलं, शेवटचा 'स' तुझा. छिन्ताङमध्ये हे सगळीकडे पसरलेलं आहे.

पण खरी थक्क करणारी गोष्ट पुढेच. 'त्यांनी आम्हांला पाहिलं नाही' म्हणताना धातूआधी तीन उपसर्ग येतात: 'उ' त्यांचा, 'खा' आमचा, 'मा' नकाराचा. हे तिन्ही कुठल्याही क्रमानं लावा, सहाच्या सहा रूपं बरोबर आणि अर्थात तसूभर फरक नाही! शब्दाच्या पोटात क्रम पक्का असतो, हे भाषाशास्त्रातलं गृहीतक २००७ मध्ये छिन्ताङच्या अभ्यासामुळे हललं. आणि तिथली मुलं नेपाळी आणि बान्तावा ही शेजारची किराती भाषा ऐकत असूनही हे सगळं सहज शिकतात.